गस्त आणि ताळा

रेड कंट्रोलरवरची पार्श्वभूमीतली पडताळणी म्हणजे कोणी न मागितलेली माहिती वाचून पाहण्याचे काम. रोजचे व्यवहार चालू असताना मधल्या फावल्या वेळात कंट्रोलर एकेका डिस्कचा एकेक सेक्टर, म्हणजे साठवणीचा लहानसा तुकडा, वाचतो. तो वाचता येतो का, आणि वाचलेले त्याच्या जोडीच्या प्रतीशी किंवा हिशोबाशी जुळते का, हे तपासतो. काम साधे, कंटाळवाणे आणि न संपणारे आहे. ते कधी सुरू करायचे, किती वेगाने करायचे आणि पुरे झाले की नाही हे कसे ओळखायचे, हा या प्रकरणाचा विषय आहे.

रेड ही कल्पना १९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतून डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एका शोधनिबंधातून मांडली. एका मोठ्या, महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधायच्या आणि त्यांतली एखादी बिघडली तरी माहिती शाबूत राहील अशी सोय करायची, असा तो विचार होता. सोय दोन प्रकारे होते. पहिल्या प्रकारात सरळ दोन प्रती ठेवल्या जातात. त्याला मिरर म्हणतात. दुसऱ्या प्रकारात प्रत ठेवत नाहीत, हिशोब ठेवतात. समजा तीन डिस्कांवर एकाच जागी १, ० आणि १ असे अंक आहेत. एकांची संख्या सम असेल तर चौथ्या डिस्कवर ० लिहायचा, विषम असेल तर १. इथे ० लिहिला जाईल. उद्या दुसरी डिस्क गेली, तरी उरलेल्या दोन आणि हा चौथा अंक पाहून हरवलेला अंक ० होता हे काढता येते. या चौथ्या अंकाला पॅरिटी म्हणतात. रेड-५ मध्ये अशी एक पॅरिटी असते, रेड-६ मध्ये दोन.

हे तंत्र पुण्याला परके नाही. मेगारेड हे बाजारातले ठळक नाव ज्या एलएसआय कंपनीचे होते, तिचे विकास केंद्र पुण्यातही होते. ही कंपनी २०१४ मध्ये अव्हॅगोने घेतली, अव्हॅगोने २०१६ मध्ये ब्रॉडकॉम घेऊन तेच नाव स्वतःला लावले, आणि मेगारेड आज ब्रॉडकॉमच्या नावाने विकले जाते. कंट्रोलर कार्डाशिवाय, निव्वळ सॉफ्टवेअरने डिस्कांची मोट बांधणाऱ्या व्हेरिटास कंपनीचेही मोठे काम पुण्यात चालत असे. माहितीचा बॅकअप हाच धंदा असलेली द्रुवा कंपनी २००८ साली पुण्यातच सुरू झाली. तरीही या शहरातल्या लहानमोठ्या कार्यालयांत सर्व्हरचे कार्ड बसवले की त्यावरच्या पडताळणीचे वेळापत्रक पुन्हा उघडून पाहण्याची पद्धत फारशी नाही. कार्ड विकणारा ते सांगत नाही आणि घेणाऱ्याला विचारायचे सुचत नाही.

डिस्क दोन तऱ्हांनी बिघडते. एक तऱ्हा उघड असते. आवाज येतो, लाल दिवा लागतो, डिस्क प्रतिसाद देत नाही. असा बिघाड कंट्रोलरला ताबडतोब कळतो आणि त्यासाठीच तर रेड बांधलेले असते. दुसरी तऱ्हा मुकी असते. चकतीवरच्या एखाद्या जागेचे चुंबकत्व क्षीण होते, एखादा ओरखडा उमटतो, शेजारच्या जागेवर वारंवार लिहिल्यामुळे जुने अक्षर पुसट होते. बाकी डिस्क ठणठणीत चालते. त्या जागेवरची फाइल कोणी उघडत नाही तोवर ती गेली आहे हे ना माणसाला कळते, ना कंट्रोलरला.

असा एखादा सेक्टर निरोगी संचात निरुपद्रवी असतो. जोडीची प्रत किंवा पॅरिटी वापरून तो पुन्हा लिहिता येतो. संकट उभे राहते ते संचातली एखादी वेगळी डिस्क उघडपणे मेल्यावर. नवी डिस्क बसवून तिच्यावर जुनीची माहिती पुन्हा रचायची, तर उरलेल्या सगळ्या डिस्कांचा सगळा भाग वाचावा लागतो. १२ टेराबाइटच्या आठ डिस्कांचा रेड-५ संच असेल तर उरलेल्या सात डिस्कांवरची ८४ टेराबाइट माहिती एका दमात आणि एकही अडखळ न होता वाचली गेली पाहिजे. साध्या वापराच्या अनेक डिस्कांवर उत्पादक जी हमी छापतात ती साधारण अशी: दर साडेबारा टेराबाइट वाचनामागे न वाचता येणारी जागा एकाहून अधिक नसेल. या हिशोबाने ८४ टेराबाइटमध्ये सहासात अडखळी बसतात. सर्व्हरसाठीच्या डिस्कांची हमी दहापट कडक, म्हणजे सव्वाशे टेराबाइटमागे एक अशी असते. हे आकडे कमाल मर्यादेचे आहेत. प्रत्यक्षात डिस्क यापेक्षा पुष्कळ बऱ्या वागतात, आणि या छापील आकड्यांवरून रेड-५ कधीच उभे राहू शकत नाही असे जे सांगितले जाते ती अतिशयोक्ती आहे. पण दिशा खरी आहे. पहिली डिस्क जाते तेव्हा ती एकटीच जाते असे नाही. बाकीच्यांचे झाकलेले दोष त्याच दिवशी उघडे पडतात.

असे दोष किती डिस्कांत असतात याचा एक मोठा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. नेटॲप कंपनीच्या साठवण यंत्रांतल्या सुमारे १५ लाख ३० हजार डिस्क ३२ महिने पाहिल्या गेल्या. त्यांतल्या ३.४५ टक्के डिस्कांत असे दडलेले सेक्टर-दोष निघाले, आणि त्यांतले बहुसंख्य दोष कोणी फाइल उघडल्यामुळे हाती लागलेले नव्हते, तर याच पार्श्वभूमीतल्या पडताळणीने शोधले होते. ३.४५ टक्के हा आकडा लहान वाटतो. मात्र आठ डिस्कांच्या संचात निदान एक दोषी डिस्क असण्याची शक्यता, त्या साध्या हिशोबाने, चारात एकच्या आसपास जाते.

ज्या माहितीला रोज हात लागतो तिची काळजी कमी. ती आपोआप वाचली जाते. धोका असतो तो पडून राहिलेल्या माहितीला, आणि पुणे हे अशा माहितीचे शहर आहे. नारायणगावजवळ खोडद येथे ३० महाकाय अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही दुर्बीण पुणे विद्यापीठाच्या आवारातले राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र चालवते. तिने २०१० ते २०१२ या काळात १५० मेगाहर्ट्झवर आकाशाचा मोठा भाग टिपला. त्याच कच्च्या नोंदींवर नव्या पद्धतीने पुन्हा प्रक्रिया होऊन त्यांचा गाजलेला तक्ता २०१७ मध्ये छापून आला. म्हणजे निरीक्षण झाल्यावर काही वर्षांनी त्या नोंदींचा मूळ हेतूइतकाच, किंबहुना अधिक, उपयोग झाला. शिवाजीनगरच्या हवामान खात्याचे उदाहरण याहून लांब पल्ल्याचे. खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आले, म्हणून ती इमारत आजही सिमला ऑफिस म्हणून ओळखली जाते. तिथे देशाच्या पावसाच्या १९०१ पासूनच्या दैनंदिन नोंदी चौकटवार मांडून ठेवलेल्या आहेत. १९०१ सालच्या जून महिन्यातला एखादा दिवस कोणी रोज उघडून पाहत नाही. ज्या दिवशी पाहावा लागतो त्या दिवशी तो हवाच असतो.

पडताळणी दोन वेगळ्या कामांची मिळून होते आणि त्या दोघांची गल्लत सर्रास होते. पहिल्याला कंट्रोलरच्या भाषेत पॅट्रोल रीड म्हणतात. मराठीत त्याला गस्त हा शब्द चपखल बसतो. रात्रीचा पहारेकरी प्रत्येक दार ढकलून पाहतो. आत काय आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते. गस्तीत कंट्रोलर एकेक डिस्क सुटी धरून शेवटपर्यंत वाचतो. सेक्टर वाचता आला की पुढे. नाही आला तर जोडीच्या प्रतीवरून किंवा पॅरिटीवरून त्यातली माहिती काढतो आणि तिथे पुन्हा लिहितो. डिस्क स्वतःच ती खराब जागा बाद करून राखीव जागेतला सेक्टर तिच्या नावे लावते. गस्तीचा एक मोठा गुण असा की ती राखीव म्हणून बसवलेल्या, अजून कामाला न लागलेल्या स्पेअर डिस्कवरूनही फिरते. दोन वर्षे नुसती फिरत बसलेली स्पेअर ऐन वेळी दगा देणार असेल तर ते आधी कळलेले बरे.

दुसरे काम म्हणजे कन्सिस्टन्सी चेक. हा ताळा आहे. इथे सेक्टर वाचता येतात हे गृहीत असते. प्रश्न असतो तो त्यांचा एकमेकांशी मेळ बसतो का हा. मिररमध्ये दोन्ही प्रती अक्षरशः सारख्या आहेत का, रेड-५ मध्ये सगळ्या डिस्कांवरचे अंक मिळून पॅरिटी बरोबर येते का, हे पट्ट्यामागून पट्टा तपासले जाते. स्पेअर डिस्कवर काहीच नसल्यामुळे ताळ्याच्या वाटेला ती येत नाही. रेड-० मध्ये ना दुसरी प्रत, ना पॅरिटी; तिथे ताळा घ्यायला काही नसतेच. नव्याने बांधलेला संच घाईघाईने, डिस्क पूर्ण न कोरता वापरायला घेतला असेल तर पहिल्या ताळ्यात ढीगभर विसंगती दिसतात. त्या खऱ्या नसतात. त्या जागांवर अजून काही लिहिलेलेच नसते. लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडमध्ये मिररवर स्वॅपची जागा ठेवली असेल तर तिथेही थोड्या निरुपद्रवी विसंगती निघतात, आणि नवखा माणूस त्या पाहून घाबरतो.

खरी विसंगती निघाली तर काय करायचे, हा या विषयातला सर्वांत नाजूक भाग आहे. जुन्या शाळांत गुणाकार झाल्यावर नवाचा ताळा घ्यायला शिकवत. ताळा चुकला की गुणाकार चुकला हे नक्की. पण कोणत्या पायरीत चुकला हे ताळा सांगत नाही. ३६ च्या जागी ६३ लिहिले तर चूक झाली हेही तो सांगत नाही. पॅरिटी अगदी अशीच आहे. पाच डिस्कांपैकी एक खोटे बोलते आहे इतके ती सांगते, कोणती ते नाही. दुरुस्तीची आज्ञा दिली की बहुतेक यंत्रणा माहिती खरी मानतात आणि पॅरिटी नव्याने काढून लिहितात. माहितीच बिघडलेली असेल तर त्या क्षणी चुकीवर शिक्कामोर्तब होते आणि मूळ अक्षर परत मिळवण्याचा शेवटचा दुवा तुटतो. रेड-६ मध्ये दोन पॅरिटी असल्याने दोषी डिस्क ओळखणे तत्त्वतः शक्य असते. लिनक्सची नेहमीची दुरुस्ती मात्र तो खटाटोप करत नाही.

मिररची अडचण पुण्याच्या वाचकाला भांडारकर संस्थेच्या उदाहरणावरून पटकन कळेल. महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढण्याचे काम संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतले, विष्णु सीताराम सुखटणकरांनी १९२५ पासून त्याला शिस्त लावली आणि १९६६ मध्ये ते पुरे झाले. त्यासाठी बाराशेहून अधिक हस्तलिखिते तपासली गेली. दोन पोथ्यांत एका श्लोकाचे दोन पाठ निघाले, तर दोन पोथ्या समोर ठेवून खरा कोणता हे ठरत नाही. पोथी कोणत्या परंपरेतली, कोणत्या लिपीतली, कोणावरून उतरवलेली हे पाहावे लागते. सुखटणकरांनी आदिपर्वासाठी काश्मीरच्या शारदा लिपीतल्या पाठाला अधिक वजन दिले ते अशा पुराव्यावरून. मिररच्या कंट्रोलरजवळ दोनच पोथ्या असतात आणि वंशावळ कोणाचीच नसते. तो सहसा पहिल्या डिस्कला प्रमाण मानून दुसरी तिच्याबरहुकूम करतो. हे न्यायाने नव्हे, ज्येष्ठतेने ठरते. झेडएफएस किंवा बीटीआरएफएस यांसारख्या फाइलप्रणाली प्रत्येक तुकड्याबरोबर त्याची चेकसम, म्हणजे त्याच्या मजकुरावरून काढलेला पडताळ्याचा आकडा, वेगळी लिहून ठेवतात. त्यामुळे दोन प्रतींत मतभेद झाला तर खरी कोणती हे त्यांना कळते. जपून ठेवायच्या माहितीसाठी ही व्यवस्था निव्वळ कंट्रोलरच्या मिररपेक्षा उजवी आहे, यात शंका ठेवायचे कारण नाही.

एवढ्यावरून वेळापत्रकाचा पहिला नियम निघतो: गस्तीने आपोआप दुरुस्ती करायला हरकत नाही, कारण न वाचता येणाऱ्या सेक्टरची जागा दाखवायला डिस्कच साक्ष देते. ताळ्याने मात्र आधी नुसते पाहावे आणि नोंदवावे. लिनक्समध्ये तपास आणि दुरुस्ती अशा दोन वेगळ्या आज्ञा आहेत त्या यासाठीच. बऱ्याच कार्डांवर हा पर्याय नसतो, ती विसंगती दिसताच पॅरिटी लिहून मोकळी होतात. तिथे ताळ्याआधी ताजा बॅकअप हाताशी असणे एवढेच करता येते.

किती दिवसांनी, याचे ठरीव उत्तर कारखान्यातून येते. मेगारेड घराण्यात गस्त आणि ताळा दोन्हींचे मूळ अंतर १६८ तास, म्हणजे एक आठवडा. एचपीचे स्मार्ट ॲरे कंट्रोलर दिवस-वार पाहतच नाहीत. काही सेकंद कोणी काम सांगितले नाही की आपले वाचायला लागतात. रेड हॅट लिनक्स दर रविवारी पहाटे १ वाजता तपास लावते. डेबियनची जुनी पद्धत महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री १२ वाजून ५७ मिनिटांनी. झेडएफएसची तिथली फेरी दुसऱ्या रविवारी, म्हणजे दोन्ही एकमेकांच्या पायात येत नाहीत. रविवारच्या या वेळांत एक गृहीतक दडलेले आहे: रविवारी पहाटे जग झोपलेले असते.

पुण्यात ते अर्धेच खरे आहे. हिंजवडी-खराडीच्या कार्यालयांना रविवार चालेल. पण पिंपरी, चिंचवड, भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, रविवारी यंत्रे चालू असतात. मग गुरुवार धरावा, तर महावितरणची देखभाल-दुरुस्तीची वीजबंदीही बहुधा गुरुवारीच असते. महापालिकेची पाणीबंदीही त्याच दिवशी असल्याने पुणेकरांच्या डोक्यात ती जोडी पक्की बसलेली आहे. सुट्टीचा दिवस आणि वीज जाण्याचा दिवस एकच. जनरेटर असलेल्या मोठ्या कारखान्याला याचे काही नाही, पण यूपीएसवर अर्धा तास तग धरणाऱ्या दहा-पंधरा माणसांच्या सुटे भाग बनवणाऱ्या वर्कशॉपात बुधवारी रात्री सुरू झालेली गस्त गुरुवारी सकाळी सर्व्हर बंद केल्यावर अर्धीच राहते. डेलच्या पर्क मालिकेतल्या जुन्या कंट्रोलरांवर तर आपोआप चालणारी गस्त यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर शून्य टक्क्यांपासून निघते, आणि हाताने लावलेली असेल तर निघतच नाही. अशा ठिकाणी डिस्कचा सुरुवातीचा भाग वर्षभर पुन्हा पुन्हा तपासला जातो आणि शेवटचा भाग एकदाही नाही. पडद्यावर मात्र ‘गस्त चालू’ असे दिसत राहते. शुक्रवारी सकाळी वीज स्थिर असताना सुरू करून बुधवारच्या आत संपेल असा वेग ठेवणे, हे अशा वर्कशॉपसाठी शहाणपणाचे. दिवसा थोडा संथपणा सोसावा लागतो, पण फेरी पुरी होते.

प्रत्येक धंद्याचा निवांत वेळ निराळा. वृत्तपत्राची पाने रात्री लागतात. त्यांच्या सर्व्हरला पहाटे २ चा मुहूर्त लावणे म्हणजे ऐन आवृत्तीच्या वेळी अडवणूक, त्यांनी सकाळी दहानंतरचा वेळ धरावा. सदाशिव पेठेतल्या कर सल्लागाराच्या कार्यालयात महिन्याची ११ आणि २० तारीख जीएसटीच्या विवरणपत्रांची, आणि जुलैची अखेर आयकराची. तिथे महिन्याचा पहिला रविवार आपसूकच बरा पडतो. रुग्णालयात एक्सरे-सीटीच्या प्रतिमा चोवीस तास येत राहतात. तिथे निवांत वेळ शोधूच नये. वेग कमी ठेवून काम सतत चालू ठेवावे.

वेगाचा हिशोब कागदावर मांडून पाहिल्याशिवाय वेळापत्रक ठरवू नये. १२ टेराबाइटची डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइट वेगाने वाचली तर एका फेरीला १६ तास ४० मिनिटे लागतात. चकतीच्या आतल्या भागात वेग घटतो म्हणून प्रत्यक्षात आणखी काही तास. मेगारेड घराण्यात या कामांचा दर मुळात ३० टक्के ठेवलेला असतो. वर्दळ असताना कंट्रोलरच्या ताकदीतला साधारण एवढाच वाटा त्यांना मिळावा असा त्याचा अर्थ. वेग त्या प्रमाणात उतरून ६० मेगाबाइटवर आला तर तीच फेरी साडेपंचावन्न तासांची होते. आठवड्यात १६८ तास असतात, तेव्हा अखंड चालणाऱ्या सर्व्हरवर हे आरामात बसते. पण काम फक्त रात्री ६ तासच चालवायचे म्हटले, तर ६० मेगाबाइटने एका रात्रीत जेमतेम १.३ टेराबाइट होते, फेरीला दहा रात्री लागतात, आणि दर आठवड्याला नव्याने सुरू होणारी फेरी कधीच संपत नाही. लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडमध्ये वर्दळीच्या काळात मिळणारा किमान वेग सेकंदाला १,००० किलोबाइट इतकाच असतो. सतत गर्दी असलेल्या यंत्रावर तो तसाच ठेवला तर १२ टेराबाइटच्या फेरीला साडेचार महिने लागतील. किमान वेग ५०,००० वर नेला की तीच फेरी तीन दिवसांत येते. नव्या लिनक्समध्ये एका रात्री सहा तास तपासून, थांबल्या जागेची खूण ठेवून, दुसऱ्या रात्री तिथूनच पुढे जाण्याची सोय आहे. लहान कार्यालयांसाठी ती सर्वांत सोयीची.

एकाच कार्डावर तीनचार संच असतील तर ताळा एकापाठोपाठ एक लावावा. सगळे एकदम लावण्याचा पर्याय असतो, पण त्याच डिस्कांवर दोन आभासी संच कोरलेले असले की वाचनाचे डोके या टोकाकडून त्या टोकाकडे धावत राहते आणि दोन्ही कामे रखडतात. बॅकअपची वेळ, विषाणूंच्या पूर्ण तपासणीची वेळ आणि गस्तीची वेळ एकावर एक येऊ देऊ नये. बॅटरीवर चालणारी कॅशे असलेली जुनी कार्डे ठरावीक काळाने बॅटरी पूर्ण उतरवून पुन्हा भरतात, तेवढ्या वेळात लेखनाचा वेग पडतो. तो दिवसही टाळावा. ज्या लहान कार्यालयांत रात्री वातानुकूलन बंद करतात तिथे एप्रिल-मे महिन्यांत रात्रभर चालणारी फेरी डिस्कांना चांगलीच तापवते. त्या दोन महिन्यांत वेग उतरवलेला बरा.

घड्याळाची एक बारीक खोच आहे. वेळापत्रक कंट्रोलरच्या स्वतःच्या घड्याळावर चालते आणि ते घड्याळ भारतीय वेळेवर असेलच असे नाही. ते जागतिक प्रमाणवेळेवर असेल तर पहाटे ३ म्हणून लावलेले काम पुण्यात सकाळी साडेआठला सुरू होते. ऐन वर्दळीच्या तोंडावर सर्व्हर दर आठवड्याला एका ठरावीक वारी जड होतो अशी तक्रार असेल, तर जाळे आणि विषाणू तपासण्याआधी हे घड्याळ पाहावे. सुरुवातीचा तास पूर्णांकातच देता येत असल्याने आपला अर्धा तास कुठे तरी उरतोच. त्याला इलाज नाही.

एसएसडीच्या बाबतीत मेगारेडची गस्त मुळात बंद असते. फिरती चकती नाही म्हणून ओरखड्याचा प्रश्न नाही, आणि आतला नियंत्रक स्वतःच्या परीने जागा फिरवत असतो, असा त्यामागचा विचार. पण साठवलेला विद्युतभार काळाने झिरपतो, तेव्हा पडून राहिलेल्या माहितीसाठी ताळा तिथेही महिन्याकाठी एकदा घेणे योग्य. वाचनाने एसएसडी झिजण्याची भीती नगण्य आहे.

वेळापत्रक लावल्यावर नोंदवही उघडण्याचे काम उरते, आणि बहुतेक ठिकाणी ते कोणी करत नाही. तीन गोष्टी पाहाव्यात. शेवटची फेरी कधी पूर्ण झाली, ही पहिली. सुरू कधी झाली याला अर्थ नाही. दुसरी, कोणत्या डिस्कवर किती सेक्टर दुरुस्त झाले. एखाद्या डिस्कवर दोन निघाले आणि वर्षभर दोनच राहिले तर ती चालू द्यावी. या आठवड्यात दोन, पुढच्या आठवड्यात नऊ, त्याच्या पुढे चाळीस असे होत असेल तर ती अजून चालते आहे तोवरच बदलावी. तिसरी, ताळ्यातल्या विसंगती. सेक्टर वाचता येत असूनही विसंगती येत राहिल्या तर डिस्कपेक्षा केबल, कार्डाची स्मृती किंवा अचानक गेलेली वीज यांवर संशय घ्यावा. या नोंदी ईमेलने येतील अशी सोय जवळजवळ प्रत्येक कार्डावर असते. पत्ता मात्र बहुधा नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा असतो.

पडताळणीने चुकून पुसलेली फाइल परत येत नाही, खंडणीखोर विषाणूने कुलूपबंद केलेली फाइल सुटत नाही. कंट्रोलरच्या दृष्टीने ती कुलूपबंद अक्षरेही दोन्ही प्रतींवर सारखी असतात आणि ताळा बरोबर येतो. आणखी एक गोष्ट पहिल्या फेरीपुरती. पाच वर्षे ज्या संचावर ना गस्त झाली ना ताळा, त्यावर पडताळणी आजच पूर्ण वेगाने सुरू करू नये. आधी बॅकअप घ्यावा, तो दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावा, एक नवी डिस्क आणून कपाटात ठेवावी आणि मग कमी दराने फेरी लावावी. इतक्या वर्षांनंतरच्या पहिल्याच फेरीत एखादी डिस्क बाद झाली, तर तिला गस्तीने मारले असे समजू नये. ती आधीपासूनच गेलेली असते.